वीस तबकड्यांची पेटी

लाखेच्या तबकडीचं पाण्याने तितकंसं बिघडत नाही. ती तापली की वाकते, हातातून पडली की फुटते, स्पिरिटने पुसली तर लाख विरघळून खाचाच जातात. पण स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवली तर बहुतेक वेळा पुन्हा वाजते. पाण्यात जातं ते तिच्या भोवतीचं सगळं. मधलं गोल लेबल सुटून येतं, कागदी कव्हराचा लगदा होतो आणि तो चिखलासकट खाचांमध्ये जाऊन बसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माझ्या मामांच्या तळमजल्यावरच्या खोलीत नेमकं हेच झालं.

मामा साखर कारखान्यात हिशेबनीस होते. आपल्याकडे १९७० च्या आसपास ७८ गतीच्या रेकॉर्ड निघणं थांबलं, घरोघरी आधी एलपी आणि मग कॅसेट आली, आणि लोकांनी जुन्या तबकड्या भंगारात घालायला सुरुवात केली. मामा तेव्हा ऐन पंचविशीत होते. पगार झाला की मिरज, कोल्हापूर, बेळगाव इथल्या रद्दीवाल्यांकडे जायचं आणि पोत्यांत हात घालून बघायचं, हा त्यांचा क्रम. तो मुलूखही तसाच होता. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले. १९३७ मध्ये ते गेले आणि तिथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना मूठमाती मिळाली. त्या पट्ट्यातल्या कितीतरी माजघरांत त्यांच्या तबकड्या होत्या, त्यांच्या लेकीच्या, हिराबाई बडोदेकरांच्या होत्या, बालगंधर्वांची नाट्यपदं होती, मुंबईच्या 'यंग इंडिया' कंपनीच्या रेकॉर्ड होत्या. मामांनी त्या शंभरा-दोनशेने नव्हे, एकेक करून जमवल्या. रेकॉर्ड घरी आली की ती वाजवायची, वहीत नोंद करायची आणि मूळ कव्हर फाटलं असेल तर मागून पातळ कागद लावून घ्यायचा. ती कव्हरंही त्यांना रेकॉर्डइतकीच प्यारी होती, कारण त्यांवर कुठल्या पेठेतल्या कुठल्या दुकानातून ती विकली गेली ते छापलेलं असायचं.

पूर ओसरल्यावर मी पुण्याहून गेले तेव्हा मामीने स्वयंपाकघरातलं ताटाळं रिकामं करून त्यात तबकड्या उभ्या लावल्या होत्या. मला ते बघून तिचं फार कौतुक वाटलं. रेकॉर्ड उभी हवी, एकमेकींना टेकायला नको, वारा दोन्ही बाजूंनी लागायला हवा आणि ऊन लागता कामा नये, हे सगळं त्या ताटाळ्यात साधलं होतं. आम्ही अंगणात बादल्या मांडून बसलो. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल गोल चिखल काढायचा, पाणी बदलायचं, शेवटचं पाणी फिल्टरचं घ्यायचं, सुती कापडाने टिपायचं. लेबल शाबूत असेल तर त्यावर तळहात ठेवून बाकीचं धुवायचं.

ज्यांची लेबलं गेली त्यांची ओळख पटवणं हे वेगळंच काम होतं. लाखेवर, लेबलाच्या कडेला, कंपनीचा क्रमांक दाबलेला असतो. मामांच्या वहीत तो लिहिलेला असला तर प्रश्न सुटायचा. पण वहीची खालची पानंही भिजली होती. मग ग्रामोफोनवर चढवून ऐकायचं. अगदी जुन्या रेकॉर्डमध्ये गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव सांगते. गौहर जानने १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हापासून ही चाल पडली. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या, कलकत्त्याचा कारखाना १९०८ चा. हॅनोव्हरच्या माणसांना गाणारी कोण ते कळावं म्हणून नाव सांगायचं. शंभर वर्षांनंतर सांगलीतल्या एका घरात ती सोय कामाला आली. बाकीच्यांचा निवाडा मामांच्या कानांनी केला. पहिल्या दोन आवर्तनांत ते नाव सांगायचे, आणि मी खडूने तबकडीच्या मागे ठेवलेल्या पाटीवर ते लिहून घ्यायचे.

वाळलेल्या तबकड्या मामा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले तेव्हा मला राहवलं नाही.

माझ्या वडिलांचं नारायण पेठेत बायंडिंगचं दुकान होतं. ग्रंथालयांची पुस्तकं, वकिलांचे खंड, व्यापाऱ्यांच्या खतावण्या आणि रोजकीर्दी यांवर ते चाललं. हिशेब संगणकावर गेले तसं खतावण्यांचं काम आटलं आणि दुकान बंद झालं. मी एका दवाखान्यात हिशेबाची नोकरी धरली. पण वडिलांचा शिकंजा, पुठ्ठा कापायची मोठी कात्री, घोटायची हाडाची पट्टी आणि सुया मी टाकल्या नव्हत्या. लहानपणी शाळेतून आले की फर्मे मोडायला बसायचे, त्यामुळे कागद कशाने खराब होतो हे मला कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असतं, तो पिवळा पडतो, शाई सोडतो आणि पावसाळ्यात ओल धरतो. ओल आणि कागद एकत्र आले की लाखेवर बुरशी चढते. पुरातून वाचलेल्या तबकड्या दोन पावसाळ्यांत बुरशीने घालवायच्या, हे मला सहन होणारं नव्हतं.

फेब्रुवारीत मामांची पंचाहत्तरी होती. सगळ्यांनी मिळून सोन्याची अंगठी करायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, माझं वेगळं असू द्या.

मी आधी कव्हरं केली. रेकॉर्डच्या कव्हराला जोड कुठे येतो याला फार महत्त्व असतं. बाजारातल्या साध्या पाकिटाचा जोड आतल्या बाजूला, मधोमध येतो. तिथे कागदाची जाडी वाढते, आणि तबकड्या दाटीने उभ्या राहिल्या की ती कड महिनोन् महिने खाचांवर दाबत राहते. म्हणून माझ्या कव्हराच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला दुमडल्या आणि डिंकाचा थेंबही आत जाणार नाही असं बघितलं. जिथे लेबल टिकलं होतं त्या कव्हराला मध्ये गोल खिडकी ठेवली, कारण मामांना रेकॉर्ड बाहेर न काढता नाव वाचायची सवय. जिथे लेबलच नव्हतं तिथे खिडकी ठेवून नुसती धूळ आत घ्यायची, त्यात काय अर्थ? त्यांना बंद कव्हरं केली आणि वरच्या कोपऱ्यात लिहायला जागा सोडली.

मग पेटी. दहा इंची तबकडी साधारण दोनशे ग्रॅमची. चाळीस एका पेटीत घातल्या तर आठ किलो होतात, वर पेटीचं वजन. मामांचा उजवा खांदा आखडलेला आहे. तो हात छातीच्या वर जात नाही. त्यामुळे वीसच तबकड्या बसतील एवढी पेटी करायची, आणि वरून झाकण उघडून उचलून काढायची भानगड ठेवायची नाही, हे पहिल्यांदा ठरलं. पेटीला पुढून दार केलं. ते उजवीकडे उघडतं, कारण मामा डाव्या हाताने काढणार. दर पाच तबकड्यांनंतर पुठ्ठ्याचा पडदा, म्हणजे कुणी कुणाला टेकून वाकायला नको. पेटी भरलेली नसेल तेव्हा राहिलेली जागा भरायला पुठ्ठ्याचाच एक ठोकळा. मागे कापडी नाडा, शेल्फातून ओढायला. वरून निळं खादीचं कापड. मामीच्या पिशवीतून उरलेलं होतं.

वडील खळ करताना मैद्यात मोरचूद घालायचे, कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून. या पेटीत मी खळ वापरलीच नाही. मैदा किड्यांना बोलावतो आणि मोरचूद कागदाला बरं नाही. पुस्तकाच्या बांधणीत चालतं ते इथे चालेलच असं नसतं. इथे पेटीला महत्त्व नाही, आत जे आहे त्याला आहे. पुठ्ठ्याचा ग्रेन दाराच्या बिजागरीला समांतर धरला, नाहीतर पहिल्या पावसात दार पिळवटून बंद व्हायचं थांबलं असतं.

मामांनी पेटी बघितली, दार उघडलं, डाव्या हाताने तिसरी तबकडी काढली, परत ठेवली. पुन्हा काढली. मग म्हणाले, "बाळ, बाकीच्यांचं काय?" शेल्फावर अजून कितीतरी तबकड्या वर्तमानपत्रात उभ्या होत्या.

त्यांच्यासाठी पुढच्या पेट्या करणं हा आनंदाचाच भाग होता. व्यवसायाचं बीज पडलं ते त्यांच्या एका मित्रामुळे. रेकॉर्ड जमवणाऱ्यांचं एक जाळं असतं. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली, आणि त्या निमित्ताने गावोगावची ही मंडळी एकमेकांना ओळखू लागली. कुणाकडे काय आहे, कुणाला काय हवं आहे हे त्यांना पाठ असतं. मामांचे एक स्नेही कोल्हापूरहून रेकॉर्ड ऐकायला आले, पेटीशी खेळत बसले आणि मला फोन करून विचारलं, "हे कितीला पडेल?"

मला किंमत सांगता येईना. हिशेब लिहिणं हा माझा पोटाचा धंदा, तरी येईना. भेट करताना मी कापड, पुठ्ठा, कागद यांच्या पावत्याही ठेवल्या नव्हत्या, आणि रात्री जागून केलेल्या कामाचे तास मोजावेत असं कुणाच्या मनात येतं? ते गृहस्थ म्हणाले, "घरातलाच माणूस समजून सांगा." हे वाक्य पुढे मी अनेकदा ऐकलं. त्यावर माझं उत्तर आता पक्कं आहे. घरातल्या माणसाला मी पैसे लावत नाही. पैसे लावायचे तर पूर्ण लावायचे.

कारण त्याच सुमारास मी वडिलांच्या जुन्या वह्या काढून बघितल्या. पुस्तकामागे कापड किती, सरस किती, पुठ्ठा किती हे त्यांनी पै-पैने लिहिलं होतं. हातमजुरीचा रकाना होता, आणि दुकानात कामाला असलेल्यांची मजुरी त्यात होती. त्यांची स्वतःची कुठेच नव्हती. दुकान संगणकामुळे बंद पडलं हे खरंच आहे. पण चाळीस वर्षं मालकाची मजुरी शून्य धरलेलं दुकान पडत्या काळात तग धरणार कसं? मी पहिल्या दरपत्रकात पहिली ओळ माझ्या मजुरीची लिहिली, आणि ती कुशल कारागिराच्या रोजाने लिहिली. पेटी अठराशे रुपये, दहा इंची कव्हर पस्तीस, बारा इंची साठ.

बारा इंची कव्हराच्या किमतीवरून प्रत्येक जण हटकतो. दोन इंचांचा तर फरक! पण कागदाचा ताव २२ बाय २८ इंचांचा येतो. दहा इंची कव्हरं त्यात दोन बसतात. बारा इंची एकच बसतं आणि आठेक इंचांची पट्टी उरते. त्या पट्ट्यांची मी नोंदीची कार्डं कापते, पण ताव तर पूर्ण घ्यावा लागतो. हे मी फोनवर समजावून सांगायचे. आता दरपत्रकावर तावाचं चित्रच काढलं आहे. ज्याला हातकामाची किंमत समजते त्याला असं उघड गणित आवडतं, हा माझा अनुभव आहे.

कागद मिळवणं हे सगळ्यांत जिकिरीचं होतं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. सुती चिंध्यांपासून केलेला तिथला कागद मला अतिशय प्रिय आहे. त्यात लाकडाचा अंश नसतो, तो दशकानुदशकं टिकतो. पण त्याचा पोत खडबडीत. लाखेच्या तबकडीला रोज आत-बाहेर करताना तो घासायला नको, म्हणून तो मी पेटीच्या आतल्या अस्तराला आणि कार्डांना वापरते. कव्हराला गुळगुळीत, आम्लरहित कागद लागतो. अप्पा बळवंत चौकापासून सुरुवात करून मी दुकानं पालथी घातली. दुकानदार 'ॲसिड फ्री' म्हणून जे देतात ते प्रत्येक वेळी तसं असतंच असं नाही. मी आम्ल तपासायचं पेन घेतलं आणि प्रत्येक गठ्ठ्यातला एक ताव त्याने तपासते. रंग चुकीचा आला तर गठ्ठा परत. एका व्यापाऱ्याने याचा राग धरून माल द्यायचं बंद केलं. दुसऱ्याने मात्र स्वतःच तसं पेन विकत घेतलं आणि आता तोच आधी तपासून पाठवतो.

साधा राखाडी पुठ्ठा आम्लयुक्तच असतो. आम्लरहित पुठ्ठ्याने पेटीची किंमत दुपटीवर जाते आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या संग्राहकाला ती परवडत नाही. म्हणून पुठ्ठा साधा घेऊन आतून हातकागदाचं दुहेरी अस्तर लावते, आणि तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते. ज्याला हवं त्याला महाग पुठ्ठ्याची पेटीही करून देते. संग्रहालयाला एक लागतं, बैठकीच्या खोलीत रोज रेकॉर्ड वाजवणाऱ्याला दुसरं.

प्लॅस्टिकची कव्हरं करा, असा आग्रह पुष्कळ जण धरतात. स्वच्छ दिसतं, आतलं लेबल दिसतं, पाणी लागत नाही. पुरानंतर तर सांगलीकडच्या लोकांचा प्लॅस्टिकवर फारच भरवसा बसला. मी त्याला तयार होत नाही. बंद प्लॅस्टिकमध्ये ओल अडकते, आणि मऊ पीव्हीसीतून जे तेलकट द्रव्य सुटतं ते तबकडीवर चढतं. पुरापासून बचाव हवा असेल तर पेटी उंच शेल्फावर ठेवा. नदीच्या पाण्याशी कागदाने किंवा प्लॅस्टिकने सामना करायचा नसतो. हे सांगितल्यावर दोन-तीन चांगल्या ऑर्डरी गेल्या. त्या गेल्याच पाहिजे होत्या.

आधी फोनवर आणि मग एका छापील कागदावर मी प्रत्येकाला काही प्रश्न विचारते. पेटी कुठल्या उंचीवर राहणार? तुम्ही खुर्चीवर बसून ऐकता की खाली? कुठल्या हाताने काढता? दुसरं कोण हात लावतं? घर समुद्रापासून किती लांब? लोक आधी चकित होतात आणि मग भरभरून लिहितात. रत्नागिरीच्या एका काकांनी लिहिलं होतं की त्यांची नात रेकॉर्ड लावून देते, ती नऊ वर्षांची आहे. त्यांची पेटी दहाच तबकड्यांची केली. याच कागदासोबत मी जाडी मोजायची एक पट्टी पाठवते, कारण ७८ च्या तबकड्यांची जाडी कंपनीनुसार आणि काळानुसार बदलते. वीस तबकड्या उभ्या धरायच्या आणि पट्टीवर खूण करायची. तबकड्या टपालाने कुणीही पाठवू नयेत, अशी मी हात जोडून विनंती करते.

काम वाढलं तेव्हा आमच्या मागच्या गल्लीतल्या एका ताईंना बोलावलं. त्या पूर्वी प्रेसचे फर्मे घरी आणून मोडायच्या, शेकड्याच्या दराने. त्यांची घडी इतकी बरोबर येते की मी पट्टी लावून बघणं सोडून दिलं. त्यांनी नगावर पैसे मागितले, सवयीने. मी रोजावर दिले. नगावर काम दिलं की हात घाई करतो, आणि घाईत दुमडलेली पट्टी आत वळते. तसं कव्हर मला फेकावं लागतं आणि त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत. रोजाने काम केल्यापासून त्या स्वतःच बिघडलेलं बाजूला काढतात. पेटीच्या दाराला आतून कापडाची दुहेरी बिजागरी लावायची युक्ती त्यांचीच. माझ्या एकेरी बिजागरीला कालांतराने भेग पडली असती. त्यांनी ते आधीच ओळखलं.

जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही पेटी करत नाही. पुण्याच्या पावसातही चिकटवलेलं लवकर सुकत नाही, शिकंज्यातून काढलेला पुठ्ठा दुसऱ्या दिवशी वाकतो. त्या महिन्यांत फक्त कव्हरं कापायची आणि कार्डं छापायची. गिऱ्हाइकांना थांबायला सांगायचं. संग्राहक थांबतात. एका रेकॉर्डसाठी जो माणूस वीस वर्षं जुन्या बाजारात फिरला त्याला पेटीसाठी दोन महिने जड जात नाहीत.

रेकॉर्डवाल्यांच्या मागोमाग इतर संग्राहक आले. जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका जमवणारे, नाटकांच्या जाहिराती जपणारे, दिवाळी अंकांवाले. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, त्यामुळे जुने अंक जपणाऱ्यांकडे मौल्यवान ठेवा असतो आणि तो बहुधा पलंगाखाली असतो. गाण्यांच्या पुस्तिकांची अडचण पिनांची. त्या गंजतात आणि कागद खातात. पिन काढून त्याच भोकांतून दोऱ्याने शिवून द्यावं असं माझं मत, पण काही संग्राहकांना ती मूळची पिनच हवी असते. यावर मी त्यांचं ऐकते. वस्तू त्यांची आहे. पेटीत गंज पसरू नये म्हणून प्रत्येक पुस्तिकेला स्वतंत्र घडी देते, एवढंच.

एक मागणी मात्र मी ताडकन नाकारली. शोभेच्या वस्तूंच्या एका विक्रेत्याला जुन्या तबकड्या तापवून वाटीसारख्या वाकवायच्या होत्या, काहींना मध्ये घड्याळ बसवायचं होतं, आणि त्यांच्यासाठी माझ्या कापडी पेट्या भेटीच्या वेष्टनासारख्या हव्या होत्या. आकडा मोठा होता. त्या फोननंतर मी बराच वेळ हातातलं काम करू शकले नाही. ताटाळ्यात उभ्या केलेल्या, नाव हरवलेल्या तबकड्यांना पुन्हा नाव मिळावं म्हणून पंचाहत्तरीचा माणूस कान लावून बसला होता. त्याच आवाजांच्या वाट्या करायच्या आणि माझ्या पेटीत घालून विकायच्या, हे माझ्या हातून होणार नव्हतं. फुटलेल्या तबकड्या घ्या, असंही मी सुचवलं नाही. मागणी वाढली की न फुटलेल्याही त्याच पोत्यात जातात.

सरकारी कागदपत्रांचं फार सांगण्यासारखं नाही. उद्यम नोंदणी घरबसल्या झाली. जीएसटीची नोंदणी मात्र उलाढाल लहान असूनही घेतली, कारण बेळगाव, इंदूर, बडोदा इथून मागण्या येऊ लागल्या आणि माझा माल राज्याबाहेर विकायचा तर ती लागते. नोकरी मी अजून सोडलेली नाही. सोडायचीही नाही. महिन्याला ठरावीक पगार येतो म्हणून मी वाटी-घड्याळवाल्याला नाही म्हणू शकते.

गेल्या वर्षी कोल्हापूरहून एका बाईंचा फोन आला. ज्यांनी पहिल्यांदा किंमत विचारली होती त्या मामांच्या स्नेह्यांच्या त्या पत्नी. ते गेले होते. मुलं परदेशी, घर लहान करायचं होतं, रेकॉर्ड कुणाला तरी द्यायच्या होत्या. माझ्याच पेट्या होत्या तिथे, एका रांगेत, प्रत्येकीवर त्यांच्या हाताने लिहिलेल्या खुणा. त्या खुणा फक्त त्यांनाच समजत होत्या. एका अक्षराच्या, रंगाच्या, कुठे नुसती टिंबं. बाईंना संगीतात गोडी होती पण कुठल्या टिंबाचा अर्थ काय हे त्यांना नवऱ्याने कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

मी आणि मामा तिथे राहिलो. रेकॉर्ड काढायची, लेबल वाचायचं, लाखेवरचा क्रमांक भिंगाने बघायचा, वाजवायची, लिहायची. बाई चहा आणायच्या आणि मध्येच एखाद्या पदाला थांबायच्या, "हे ते पहाटे लावायचे," असं सांगायच्या. तेही मी लिहून घेतलं.

तोपर्यंत मी पेटी मोजत होते ती ज्याच्या घरी जाणार त्याच्या हाताने, खांद्याने, बैठकीने. भेटीतून आलेली ती सवय आणि माझ्या कामाचा सगळा दर्जा तिच्यावर उभा आहे. कोल्हापूरच्या त्या खोलीत मला कळलं की संग्रहाला आणखी एक माणूस असतो, जो अजून आलेला नसतो, आणि पेटी त्यालाही वाचता आली पाहिजे. तेव्हापासून प्रत्येक पेटीच्या दाराच्या आत एक कप्पा असतो, त्यात बारा इंची तावांच्या उरलेल्या पट्ट्यांची कार्डं. त्यांवर छापील ओळी आहेत: गाणारं कोण, पद किंवा राग, कंपनी, लेबलवरचा क्रमांक, लाखेवरचा क्रमांक, कुणाकडून मिळाली, कधी वाजवायची. शेवटची ओळ बाईंमुळे आली. वीस कार्डं भरून त्यांचा फोटो पाठवला नाही तर दुसऱ्या पेटीची ऑर्डर मी घेत नाही. यावर गिऱ्हाइकं कुरकुरतात, मामांनीही कुरकुर केली, पण मी हटत नाही.

तो संग्रह इचलकरंजीच्या एका तरुणाने घेतला. यंत्रमागाच्या कारखान्यात नोकरी करतो, रात्री रेकॉर्ड संगणकावर उतरवून ठेवतो. त्याने बाईंना ठरलेली रक्कम दोन हप्त्यांत दिली आणि पेट्यांसकट सगळं टेम्पोतून नेलं. मग माझा प्रश्नांचा कागद भरून पाठवला: जमिनीवर बसून काम करतो, यंत्र उजवीकडे असतं, दोन्ही हात लागतात. जुन्या पेट्यांची दारं आम्ही पुढे खाली पडणारी करून दिली. बारा इंचींसाठी त्याला नव्या पेट्या हव्या आहेत, साठ रुपयांच्या कव्हरांवरून त्यानेही हटकलं, आणि मी त्याला तावाचं चित्र पाठवलं आहे.